नेहमी भरलेली विहीर

या अंकाचे संपादक दर पावसाळ्यात फोन करतात. "सर, यंदा ते टँकरचं लिहा. लग्नात बँडवाल्यांनी टँकर मिरवत आणला, ते." मी हो म्हणतो आणि भलतंच काहीतरी लिहून पाठवतो. एका वर्षी वाळूजच्या कारखान्यातल्या फ्लॉपींवर लिहिलं, एका वर्षी औरंगपुऱ्यातल्या विजेच्या लपंडावावर. टँकरची गोष्ट मी लग्नकार्यात, सहलीत, बँकेच्या रांगेत कितीदा तरी सांगितली आहे आणि ती दर वेळी रंगते. तोंडी सांगताना तिच्यातला एक भाग मला गाळता येतो. कागदावर तो गाळायला हात धजत नाही, म्हणून लिहायचंच टाळत आलो. यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहिलो तेव्हा नेमका तोच भाग आठवत राहिला. आता पट्टी सुटली आहे. सगळं लिहितो.

मी प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. आजोबा पूजा सांगायचे, वडील कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क. माझं काम काय, हे मात्र घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. आई शेवटपर्यंत शेजारणींना "तो कंपनीत टायपिंग करतो" असं सांगायची. वाळूजच्या एका कारखान्यात मी पगारपत्रकांचे प्रोग्रॅम लिहिले, बजाजनगरात संसार केला, आणि कारखान्याने लवकर निवृत्तीची योजना आणली तेव्हा बाहेर पडून औरंगपुऱ्यात एका भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या. खाली दिवसभर पातेल्यांवर नावं कोरायचा आवाज, वर आमचे संगणक. गिऱ्हाईक जिना चढून यायचं आणि पहिल्यांदा विचारायचं, "कढया वर आहेत का?"

आमच्या धंद्याची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. हल्लीचे प्रोग्रॅम म्हणजे एक लांबलचक आज्ञापत्र नसतं. त्यात छोटी छोटी पात्रं असतात. दुकानाचा प्रोग्रॅम असेल तर एक पात्र बिल, एक पात्र गिऱ्हाईक, एक पात्र प्रिंटर. प्रत्येकाचं काम ठरलेलं. आता बिलाला छापून निघायचं तर प्रिंटर लागतो. तो त्याने आणायचा कुठून? मी जुन्या वळणाचा. माझं बिल स्वतःच्या पोटातच प्रिंटर तयार करून ठेवायचं.

याची फळं आमच्या समोरचे साडीवाले मोतीशेठ यांनी भोगली. ऐन लग्नसराईत त्यांचा प्रिंटर बिघडला. त्यांनी दुसऱ्या बनावटीचा नवा आणला. बिल काही निघेना.

मी म्हटलं, "शेठ, प्रोग्रॅम उघडावा लागेल."

"प्रिंटर मी बदलला. प्रोग्रॅमला काय झालं?"

"त्याला जुन्याच प्रिंटरची सवय आहे."

"म्हणजे बायको माहेरी गेली तर माणसाने उपाशी मरायचं?" शेठ म्हणाले. मग गल्ल्यावरच्या पोराकडे वळून, "काढ रे जुनी बिलबुकं. सरांचा प्रोग्रॅम विरहात आहे."

ती अख्खी लग्नसराई शेठनी हाताने बिलं फाडली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला माझ्या प्रोग्रॅमच्या विरहाची कथा ऐकवली.

त्याच सुमारास नुसरत आमच्याकडे नोकरीला आली. इथल्याच विद्यापीठातून शिकलेली, सिटी चौकातल्या शिंप्याची मुलगी, मराठी शाळेत शिकल्यामुळे मराठी झकास, आणि रागावली किंवा खूष झाली की सरळ दख्खनीत शिरायची. मुलाखतीत मी तिला प्रश्न विचारायचे, ते राहिलं बाजूला. तिनेच माझा बिलाचा प्रोग्रॅम मागून घेतला आणि वाचता वाचता हसायला लागली.

"सर, बुरा मत मानो. पण हे बिल प्रिंटर पोटात घेऊन जन्माला आलंय."

"मग कुठं असायला हवा?"

"बाहेर. माझे अब्बा शिलाई करतात ना. गिऱ्हाईक कापड आणून देतं, अब्बा शिवतात. सुती असो, टेरिकॉट असो. उद्या कुणी म्हणालं, 'चाचा, आधी कापूस पेरा, मग सूत काता, मग शेरवानी शिवा,' तर अब्बा कैची फेकून मारतील. तुमचं बिल कापूस पेरतंय सर."

मी तिला तिथंच नोकरी दिली. रागही आला होता, हे कबूल करतो. पण इतक्या वर्षांत मला कुणी इतक्या सोप्या शब्दांत मूर्ख म्हटलं नव्हतं.

आता दुष्काळ. इथल्या माणसाला ती वर्षं सांगायला नकोत, परगावच्यांसाठी सांगतो. जायकवाडीचं पाणी मृतसाठ्याखाली गेलेलं. नळाला पाणी येणार कधी, त्यावर लोक पाहुण्यांना बोलवायचं की नाही ते ठरवत. पाहुणेही शहाणे झाले होते, येताना मिठाईऐवजी पाण्याचा कॅन आणायचे आणि त्यांचं स्वागत जास्त मनापासून व्हायचं. त्याच वर्षांत शहर मात्र वेड्यासारखं वाढत होतं. बीड बायपासच्या पलीकडं काल ज्वारी होती तिथं आज सहा मजले उभे, त्यांना फुलांची आणि नद्यांची नावं, आणि नळ तिथवर पोचलेलाच नाही. सगळी भिस्त टँकरवर.

भाऊसाहेब जगदाळे हे टँकरचे मालक. धिप्पाड माणूस, आवाज त्याहून धिप्पाड. आसपासच्या गावांतल्या विहिरी त्यांनी ठरवून घेतल्या होत्या. रोज पहाटे प्रत्येक विहिरीवरचा माणूस पाणी किती आहे याचा मोबाइलवर संदेश पाठवायचा आणि त्यावरून कुठला टँकर कुठं भरायचा, कुठं रिता करायचा हे जगदाळे तोंडाने ठरवायचे. टँकर वाढले तसं तोंड पुरेना. म्हणून ते आमचा जिना चढले.

पहिला प्रोग्रॅम मीच लिहिला, माझ्या पद्धतीने. प्रत्येक टँकरच्या पोटात त्याची विहीर. आणि दुष्काळात विहिरी काय करतात? आटतात. विहीर आटली की माझा टँकर वेड्यासारखा तिथंच जायचा. मग मी त्याचं पोट फाडून आत दुसरी विहीर बसवायची, तोवर तीही आटायची.

जगदाळे म्हणाले, "सर, लई झालं. विहिरीसंगं तुमचं मशीनबी आटतंय."

नुसरत मागच्या टेबलावरून म्हणाली, "सर, मी करू?"

तिने सगळं उलटं मांडलं. टँकरने विहीर शोधायची नाही, बाळगायची नाही, तिचं नावही लक्षात ठेवायचं नाही. त्याला फक्त एवढंच ठाऊक असेल की आपल्याला कुणीतरी पाणी देणारं लागतं. पहाटेचे संदेश बघून संगणकाने ते पाणी देणारं रोज बाहेरून त्याच्या हातात द्यायचं. कुणाच्या हातात काय द्यायचं, ही जोडणी जगदाळेंच्या ऑफिसातल्या संगणकावर एका छोट्याशा फाइलमध्ये, साध्या ओळींत. विहीर बदलायची तर एक ओळ बदलायची. प्रोग्रॅम उघडायचं काम नाही.

"याला म्हनत्यात काय?" जगदाळेंनी विचारलं.

"डिपेन्डन्सी इंजेक्शन."

"इंजेक्शन? टँकरला?"

"हौ भाऊसाहेब. टँकरला जे लागतं ते बाहेरून टोचायचं."

"दुखत नाय ना?"

"टँकरला नाही. सरांना दुखतंय."

जगदाळे इतके हसले की खालच्या दुकानातलं नाव कोरणं थांबलं.

यात आणखी एक गंमत होती. प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे तपासायचं तर दर वेळी खऱ्या विहिरीच्या पहाटेच्या संदेशाची वाट बघत बसता येत नाही. टँकर बाहेरून मिळेल ते घेतो म्हटल्यावर त्याच्या हातात खोटी विहीर दिली तरी त्याला पत्ता लागत नाही. म्हणून तपासणीसाठी नुसरतने दोन खोट्या विहिरी बनवल्या. एकीला काहीही विचारा, उत्तर एकच, "भरलेली आहे." तिचं नाव तिने ठेवलं सासरवाडी, कारण तिथं जावयाला कुणी नाही म्हणत नाही. दुसरी कायम म्हणायची, "पाणी नाही." तिचं नाव हेडक्लार्क. माझे वडील कोण होते हे तिला ठाऊक होतं. मी डोळे वटारले तर म्हणाली, "नाव बदलू का सर? अर्ज देते."

त्या उन्हाळ्यात सगळ्या जिल्ह्यात काठोकाठ भरलेली एकच विहीर होती आणि ती आमच्या संगणकात होती. आम्ही कंटाळलो की तिला पाणी विचारायचो. भरलेली आहे. बरं वाटायचं.

नुसरतने एकच गोष्ट बजावून ठेवली होती. "सर, सासरवाडीशी खेळायचं ते आपल्या ऑफिसात. भाऊसाहेबांच्या मशीनवर नक्को."

नवीन प्रोग्रॅम बसवला आणि आठवड्याच्या आत चितेगावकडची एक विहीर, पहाटे भरलेली कळवलेली, भरदिवसा आटली. पूर्वी असं झालं की दिवस जायचा. या वेळी मी जगदाळेंच्या ऑफिसात गेलो, एक ओळ बदलली आणि चहा यायच्या आत सगळे टँकर दुसरीकडं वळले. कडूबा नावाचा त्यांचा जुना ड्रायव्हर फोनवर ओरडला, "शेठ, मशीनला अक्कल आली का काय?" जगदाळेंनी गुलमंडीवरून इमरती मागवली. नुसरतच्या अब्बांनाही एक डबा गेला. ते म्हणे डबा शेजारच्या दुकानदारांना दाखवून सांगत होते, "बेटीने टँकरां सुधारे."

तो काळ आठवला की अजून छाती भरून येते. कामात मजा असते ती ही. कुणीतरी नीट विचार करून गोष्ट मांडलेली असते आणि ती आपल्यादेखत पाण्यासारखी वाहते.

आता जो भाग मी गाळत आलो, तो.

बायपासकडच्या सोसायट्यांच्या एका संघाचे अध्यक्ष आमचं काम बघायला यायचे होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पाण्याबद्दल कुणी बोललं की आधी मान हलवायचे आणि मग चूक काढायचे. त्यांनी होकार दिला असता तर जगदाळेंना तो सगळा भाग मिळणार होता आणि आम्हाला आणखी काम. संध्याकाळी ते जगदाळेंच्या ऑफिसात येणार, मी पडदा दाखवणार. पडद्यावर भरलेली विहीर हिरवी दिसायची, आटलेली लाल. त्या दिवशी निम्म्याहून जास्त पडदा लाल. मला वाटलं, हे बघून हा माणूस पाणी नाही म्हणून परत जाईल. ऑफिसात मी एकटा होतो. मी ती फाइल उघडली. पाणी आहे का, याचं उत्तर कुणाकडून घ्यायचं त्या ओळीत खरी विहीर असं होतं, तिथं सासरवाडी लिहिलं. दाखवण्यापुरतं.

पडदा हिरवागार झाला. अध्यक्षांनी मान हलवली, पण चूक काही काढली नाही. "उत्तम नियोजन आहे," म्हणाले. जगदाळेंना एवढा आनंद झाला की त्यांनी आम्हाला उठवून थेट जेवायला नेलं. शेवभाजी, ज्वारीची भाकरी, अध्यक्षांच्या खात्यातल्या आठवणी. मी घरी येऊन तृप्त झोपलो. ओळ तशीच राहिली.

सकाळी जगदाळेंचा फोन. "सर, माझे समदे टँकर दौलताबादच्या विहिरीवर जाऊन हुबे हायत. विहिरीत बेडूकबी नाय!"

चपला पायात घालायच्या आधीच मला कळलं होतं काय झालंय. संगणकाने पहाटे विहिरींना विचारलं, सासरवाडीने सगळ्यांच्या वतीने भरलेली आहे असं सांगितलं, आणि त्यातली शहराला सगळ्यांत जवळची म्हणून दौलताबादची विहीर त्याने टँकरांना दिली. ती कधीच आटली होती, हे कडूबाला माहीत होतं. तरी तो गेला. नंतर मी त्याला विचारलं, "अरे, तुला ठाऊक होतं ना?"

"व्हय. पण मोबाइलवर आलं ना सर. मला वाटलं, रातीतून झरा फुटला." मग म्हणाला, "गावातल्या बायाबी आल्या हो घागरी घिऊन. इतके टँकर बघून त्यान्लाबी तसंच वाटलं. वाकून वाकून बघत व्हत्या."

स्कूटरवरून जगदाळेंच्या ऑफिसात पोचलो, ओळ पूर्ववत केली. संगणकाने लगेच टँकर दुसरीकडं, पाणी होतं त्या विहिरींवर पाठवले. पण त्यातल्या कडूबाच्या टँकरवर त्या दिवशी बायपासच्या एका मंगल कार्यालयातलं लग्न अवलंबून होतं, आणि लग्न थांबत नसतं.

जगदाळे मला गाडीत घालून तिथं घेऊन गेले. वऱ्हाड जालन्याहून आलेलं. आचारी तांदळाच्या पातेल्याशेजारी मांडी घालून बसलेला, अर्धे तांदूळ धुतलेले, अर्धे तसेच. सगळ्यांत वाईट हाल नवरदेवाचे. अंगभर हळद लावून झालेली आणि अंघोळीला तांब्याभर पाणी नाही. तो एका खोलीत पिवळाधम्मक होऊन बसला होता आणि फोटोवाला दारात उभा राहून त्याला समजावत होता, "दादा, ब्लॅक अँड व्हाइट काढतो, दिसणार नाही."

वधूचे मामा दिसेल त्याला धरून विचारत होते, "टँकरवाला कोण?" जगदाळे माझ्यामागं लपायला बघत होते. तो धिप्पाड माणूस माझ्यामागं काय लपणार!

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर कडूबाचा हॉर्न वाजला. वरातीसाठी आणलेला बँड कंटाळून झाडाखाली बसला होता. त्यांच्यातल्या ताशेवाल्याने टँकर पाहिला आणि कुणी न सांगता ताशावर काठी टाकली. मग सगळाच बँड उठला. टँकरच्या पुढं बँड, बँडच्या पुढं जालन्याची तरणी पोरं नाचत, आणि मागून टँकर पावलापावलाने, नवरदेवाच्या घोड्यासारखा. दारात करवल्यांनी कडूबाला खाली उतरू दिलं नाही. वधूच्या आईने ताट आणून त्याला ओवाळलं, टँकरच्या बॉनेटला कुंकू लावलं. मामांनी स्वतःच्या गळ्यातला हार त्याच्या गळ्यात घातला. नवरदेवाने टँकरच्या मागं जाऊन थेट पाइपाखाली अंघोळ केली आणि हळदीचं पाणी सगळ्या अंगणात पसरलं. गुरुजींनी पंचांगात बघून पुढचा चांगला मुहूर्त शोधून दिला. माणूस समजूतदार.

"माझ्या लग्नात येवढा मान नव्हता हो मिळाला," कडूबा हार सांभाळत म्हणाला.

इथपर्यंतचं मी सगळीकडं सांगतो. लोक हसतात, मीही हसतो.

त्याच मांडवात, सगळे हसत असताना, जगदाळेंनी मला विचारलं, "पण सर, झालतं काय? तुम्ही तर दोन मिनटात निस्तरलं."

आणि मी म्हणालो, "त्या नवीन इंजेक्शनच्या पद्धतीत कुठंतरी गडबड असणार. बघावं लागेल."

ताशाच्या आवाजात ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं की मलाच ते खरं वाटलं.

जगदाळेंच्या ऑफिसात परत आलो तर नुसरत तिथं येऊन बसलेली. तिने सकाळपासूनचे सगळे व्यवहार पडद्यावर मांडले होते. त्यात दौलताबाद भरलेली एवढंच दिसत होतं, ते उत्तर कुणी दिलं ते नाही. ती एकेक पायरी तपासत मागं मागं जात होती आणि अखेर त्या छोट्या फाइलपाशी पोचली. ओळ बरोबर होती. पण संगणक फाइल शेवटची कधी बदलली तेही सांगतो. तिथं त्याच दिवशीची सकाळ होती.

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "सर, आज सकाळी इस फाइलकू कुणी हात लावला?"

आयुष्यात मला इतका सोपा प्रश्न कुणी विचारला नसेल. जगदाळे शेजारी उभे होते. आदल्या रात्रीच्या जेवणातला त्यांचा आनंद माझ्या डोळ्यांसमोर होता. हिरवा पडदा खोटा होता हे कळलं असतं तर अध्यक्षही गेले असते आणि जगदाळेही.

मी म्हटलं, "मीच उघडली होती, नुसती बघायला. बंद करताना चुकून सेव्ह झाली असेल. मशीन बंद करून परत चालू केलं तर आपोआप सुधारलं."

"अच्छा," ती म्हणाली आणि बोट उचललं.

तिने विश्वास ठेवला. का ठेवू नये? मग ती चूक स्वतःच्या कामात शोधायला लागली. बाहेरच्यांना हे कळणं अवघड आहे, म्हणून सांगतो. चूक सापडली की आमच्या धंद्यातला माणूस आनंदाने टाळी वाजवतो, मग ती स्वतःची का असेना. न सापडणारी चूक मात्र माणसाला आतून खाते, कारण मग आपण लिहिलेल्या कुठल्याच ओळीवर भरवसा राहत नाही. नुसरतने तो सगळा प्रोग्रॅम पहिल्यापासून वाचला. परत वाचला. जेवणाचा डबा उघडून वाचत बसायची आणि डबा तसाच बंद करायची. सासरवाडीचं नाव घेऊन आम्ही हसायचो, तेही बंद झालं. मी समोरच्या टेबलावर बसून हे बघत होतो. एक वाक्य बोलायचं होतं.

जगदाळे मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते इंजेक्शन काढून टाका बुवा. आन् पोरीलाबी..."

"ती कुठंही जाणार नाही," मी म्हणालो. "चूक कुणाकडूनही होते."

हे वाक्य नुसरतपर्यंत पोचलं. तिचे डोळे भरून आले. सगळ्या ऑफिसात माझी वाहवा झाली.

आणि मग इंजेक्शन काढलं. तिनेच काढलं, स्वतःच्या हाताने. प्रत्येक टँकरच्या पोटात विहीर परत बसवली, माझ्या जुन्या पद्धतीने. काम संपल्यावर म्हणाली, "सर, झालं. आता अब्बा कापूस पेरतील." ती हसली, म्हणून मीही हसलो. पुढं पाऊस पडला, विहिरी भरल्या, त्यामुळे माझी पद्धत चालून गेली. अध्यक्षांचं कामही आम्हाला मिळालं.

काही काळाने तिला पुण्याला चांगली नोकरी लागली. जाताना पेढे देऊन म्हणाली, "वो गलती मुझे आखिर तक मिलीच नहीं सर." मी म्हटलं, "विसरून जा."

ती विसरली नाही. आता ती मोठ्या पदावर आहे, नव्या मुलांना शिकवते. मागं इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने तिला व्याख्यानाला बोलावलं तेव्हा तिने आग्रहाने मलाही बोलावून पहिल्या रांगेत बसवलं. कनपटीला थोडे केस पांढरे झालेले, बाकी तीच. अब्बा, शेरवानी आणि कापूस यांवरून तिने पोरांना डिपेन्डन्सी इंजेक्शन असं शिकवलं की मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा हसत होती, आणि मला अभिमानाने बसवेना. मग तिने टँकर आणि लग्नाची गोष्ट सांगितली, ताशा, कुंकू, पिवळा नवरदेव सगळं. सभागृह लोळत होतं.

हशा ओसरल्यावर ती म्हणाली, "यातली चूक माझी होती. कुठं होती ते मला आजपर्यंत सापडलेलं नाही. म्हणून सांगते, आपली रचना कितीही सुंदर वाटली तरी तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. मी अजून ठेवत नाही. आणि चूक झाली तेव्हा मला सांभाळून घेणारे माझे सर इथं बसलेत."

टाळ्या. पोरं उभी राहिली. कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. घरून निघताना मी ठरवून आलो होतो, वाटेत रिक्षात मनाशी घोकलंही होतं. मी उठलो, घसा साफ केला आणि दुष्काळाच्या वर्षांबद्दल, पाणी जपून वापरण्याबद्दल चार शब्द बोलून खाली बसलो. नुसरतने वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या माइकवर मला बोलायचं होतं ते असं:

नुसरत, तुझ्या रचनेत चूक नव्हती. आदल्या संध्याकाळी ती ओळ मी बदलली, दाखवण्यासाठी, आणि परत करायला विसरलो. सकाळी तू यायच्या आत मीच ती सरळ केली. तू बोट ठेवलंस ते अगदी बरोबर ठिकाणी ठेवलं होतंस आणि मी तुझ्याशी खोटं बोललो. तू जे शोधत राहिलीस ते तिथं कधी नव्हतंच. स्वतःच्या कामावर भरवसा ठेव, बेटा. मला माफ कर.